तीन यंत्रणा, एकच शेपटी : सू सिटीच्या विमान अपघाताचा हायड्रॉलिकच्या अंगाने अभ्यास

19 जुलै 1989 रोजी दुपारी 3 वाजून 16 मिनिटांनी अमेरिकेतील आयोवा राज्यावरून, 37,000 फूट उंचीवर जाणाऱ्या एका डीसी-10 विमानाच्या शेपटीतील इंजिन प्रचंड आवाज करून फुटले. युनायटेड एअरलाइन्सचे 232 क्रमांकाचे हे उड्डाण डेन्व्हरहून शिकागोकडे निघाले होते आणि विमानात एकूण 296 माणसे होती. डीसी-10 ला तीन इंजिने असतात. दोन पंखांखाली आणि तिसरे शेपटीच्या बुंध्यात. त्यांतील एक बंद पडले तरी उरलेल्या दोहोंवर विमान सुखरूप उतरते, आणि त्याचा सराव प्रत्येक वैमानिकाकडून करून घेतलेला असतो. त्यामुळे इंजिन गेल्याचे कळताच कर्मचाऱ्यांनी अशा प्रसंगासाठी ठरवून दिलेली कामांची यादी हाती घेतली. ते काम चालू असतानाच फ्लाइट इंजिनिअर डडली ड्वोरॅक यांना दिसले की, विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, यंत्रणांचे काटे, दाबाचे आणि तेलाच्या पातळीचेही, शून्यावर आले आहेत.

या अपघाताबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बहुतेक लेखन वैमानिकांच्या धैर्याविषयी आहे, ते योग्यच आहे. मी यंत्रांच्या देखभालीत काम करतो, माझा रोजचा संबंध पंप, व्हॉल्व्ह आणि होजशी, म्हणजे तेलाच्या लवचीक नळ्यांशी, येतो, म्हणून मला हे प्रकरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे वाटते. एकमेकींपासून पूर्णपणे स्वतंत्र म्हणून बांधलेल्या तीन यंत्रणा एकाच क्षणी कशा रिकाम्या झाल्या, हा प्रश्न विमानापुरता राहत नाही. जहाज, क्रेन, मोटारीचे ब्रेक, कारखान्यातील प्रेस, जिथे जिथे तेलाच्या दाबावर माणसांचा जीव अवलंबून असतो तिथे तो विचारावाच लागतो.

यंत्रणा कशी होती

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे पास्कलचे तत्त्व आपण शाळेत शिकतो. डीसी-10 मधला दाब दर चौरस इंचाला 3000 पौंड, म्हणजे कारखान्याच्या भाषेत सुमारे 210 किलो होता. आमच्याकडे दाब किलोतच बोलला जातो, आणि ‘किलो’ म्हणताना दर चौरस सेंटिमीटरला किती किलो हे गृहीत धरलेले असते. या दाबाने 10 सेंटिमीटर व्यासाचा सिलिंडर साडेसोळा टनांच्या आसपास जोर लावतो. बोटाएवढ्या जाडीच्या नळीतून आलेले तेल एवढे काम करते. म्हणूनच मोठ्या विमानाची दिशा, नाकाचा चढउतार आणि कल बदलणारी पृष्ठे, म्हणजे अनुक्रमे रडर, एलेव्हेटर आणि एलेरॉन, हलवायला हायड्रॉलिकशिवाय दुसरा व्यवहार्य मार्ग त्या काळी नव्हता. डीसी-10 च्या वैमानिकाच्या हातातील दांड्यापासून थेट या पृष्ठांपर्यंत जाणारी, हाताच्या जोरावर ती हलवता येतील अशी कोणतीही केबल नव्हती. दांड्याने फक्त व्हॉल्व्ह उघडत, बाकीचे सारे काम तेलाचे होते.

अभियंत्यांना याची पूर्ण जाणीव होती, म्हणून त्यांनी एकाऐवजी तीन यंत्रणा दिल्या. प्रत्येक इंजिनावर त्या-त्या यंत्रणेचे दोन पंप बसवले. प्रत्येक यंत्रणेची टाकी वेगळी, नळ्या वेगळ्या. एखादे इंजिन बंद पडले तर दुसऱ्या यंत्रणेच्या दाबावर त्या इंजिनाच्या यंत्रणेसाठी पंप फिरवण्याची सोय होती, पण ती अशी की फक्त यांत्रिक शक्ती पलीकडे जाई आणि तेल कधीही एकमेकांत मिसळत नसे. एका यंत्रणेला गळती लागली तरी दुसरीतले तेल वाहून जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. याखेरीज हवेच्या झोताने फिरणारे एक जनित्र होते, त्यावर तिसऱ्या यंत्रणेचा मदतीचा पंप चालवता येत असे. कागदावर पाहिले तर यात बोट ठेवायला जागा सापडत नाही. तिन्ही यंत्रणा एकदम जाण्याची शक्यता इतकी नगण्य मानली गेली होती की, तशा वेळी काय करावे याची यादीच वैमानिकांच्या पुस्तिकेत नव्हती.

मात्र शेपटीची आडवी आणि उभी पृष्ठे हलवायला तिन्ही यंत्रणांचे तेल लागत होते, त्यामुळे तिन्हींच्या नळ्या शेपटीत येत होत्या. आणि शेपटीतच दुसऱ्या क्रमांकाचे इंजिन होते.

त्या चकतीत काय झाले

इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या पंख्याची पाती एका चकतीवर बसवलेली असतात. ही चकती टायटेनियमच्या मिश्रधातूची, घडवून मग यंत्रावर कातलेली, सुमारे 32 इंच व्यासाची आणि 370 पौंड, म्हणजे 168 किलो वजनाची होती. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला धातू वितळवून ओततानाच तिच्यात नायट्रोजनमुळे कडक आणि ठिसूळ झालेला एक बारीक कण राहून गेला. तयार चकतीत त्या जागी, मधल्या भोकाच्या पृष्ठभागावर, अगदी छोटा खड्डा उरला. प्रत्येक उड्डाणात चकती पूर्ण वेगाला जाते आणि पुन्हा थांबते. प्रत्येक वेळी त्या खड्ड्यातून तडा किंचित पुढे सरकत राहिला. अपघातापर्यंत तिने अशी 15,503 आवर्तने पूर्ण केली होती, तर तिला ठरवून दिलेली मर्यादा 18,000 ची होती.

हा तडा आधी सापडू शकला असता, ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. अपघाताच्या 760 उड्डाणे आधी, 1988 मध्ये, विमान कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात ही चकती सुटी करून तपासली होती. तड्यात शिरणारे रंगद्रव्य लावून तो शोधणाऱ्या तपासणीला आमच्याकडे डीपी टेस्ट म्हणतात; तिचाच, अतिनील प्रकाशात चमकणारे द्रव्य वापरणारा प्रकार तेव्हा केला गेला. नंतरच्या हिशोबाप्रमाणे त्या वेळी पृष्ठभागावरचा तडा अर्ध्या इंचाच्या आसपास लांब असावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर 1990 मध्ये दिलेल्या अहवालात अपघाताचे कारण सांगताना याच गोष्टीवर बोट ठेवले : तपासणी करणाऱ्या माणसाच्या मर्यादांचा तपासणीच्या पद्धतीत पुरेसा विचार केलेला नव्हता. ज्याने अतिनील दिव्याखाली एकामागून एक निर्दोष भाग पाहत पाळी काढली आहे, त्याला या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. शंभर भाग चांगले निघाले की एकशे एकावा पाहताना डोळा आधीच निर्णय देऊन बसलेला असतो.

चकती फुटली तेव्हा तिचे तुकडे आणि पाती इंजिनाचे कवच भेदून बाहेर पडली. इंजिनाला जोडलेले दुसऱ्या यंत्रणेचे पंप आणि नळ्या जागीच उखडल्या गेल्या. काही तुकडे उजव्या आडव्या शेपटीत घुसले आणि तिथून जाणाऱ्या पहिल्या व तिसऱ्या यंत्रणेच्या नळ्या त्यांनी कापल्या. तेलाला कोणी शत्रू लागत नाही, वाट मिळाली की ते निघून जाते. वैमानिकांनी हवेवर चालणारे जनित्र बाहेर काढले, मदतीचा पंप सुरू केला, पण पंपाला ओढायला टाकीत तेलच उरलेले नव्हते. चकतीचा मोठा भाग तीन महिन्यांनी आयोवातील एका मक्याच्या शेतात, कापणी चालू असताना सापडला.

चव्वेचाळीस मिनिटे

विमान खाली येत उजवीकडे कलंडू लागले आणि दांडा कितीही फिरवला तरी काहीच होईना. कप्तान आल्फ्रेड हेन्स यांनी डाव्या इंजिनाचा जोर कमी केला, तेव्हा विमान हळूहळू सरळ झाले. याच क्षणी या माणसांना त्यांच्याजवळ उरलेली एकमेव चावी सापडली : दोन पंखांखालच्या दोन इंजिनांचा कमीअधिक जोर. योगायोगाने डीसी-10 च्या वैमानिकांना प्रशिक्षण देणारे डेनिस फिच हे प्रवासी म्हणून विमानात होते. ते पुढे आले आणि दोन आसनांच्या मधोमध राहून त्यांनी इंजिनांचा जोर कमीजास्त करणारे दोन थ्रॉटल दोन्ही हातांनी धरले. हेन्स आणि सहवैमानिक विल्यम रेकॉर्ड्स दांड्यांवर, ड्वोरॅक जमिनीवरील तंत्रज्ञांशी बोलण्यात, आणि फिच यांचे डोळे फक्त क्षितिजावर व वेगाच्या काट्यावर.

विमान नाक खाली घालून वेग घेई, वेग वाढला की आपोआप वर येई, वर आले की मंदावे आणि पुन्हा नाक खाली. या लांब हेलकाव्यांना आवर घालायला नेहमी एलेव्हेटरचा हलका दाब पुरतो. इथे तो नव्हता, म्हणून इंजिनाचा जोर योग्य क्षणाच्या आधी वाढवावा लागे, कारण इंजिनाने प्रतिसाद द्यायला काही सेकंद जात. सवयीने माणूस जे करतो त्याच्या उलट करायचे होते : नाक खाली जाऊन वेग वाढू लागला की जोर द्यायचा, नाक वर येऊ लागले की काढून घ्यायचा. विमान जवळजवळ नेहमी उजवीकडेच वळत होते, त्यामुळे मोठमोठी उजवी वळणे घेत ते आयोवातील सू सिटी या शहराच्या विमानतळाकडे आले.

पंखांच्या मागच्या आणि पुढच्या कडेचे, कमी वेगातही विमान तरंगत ठेवणारे फ्लॅप आणि स्लॅटही हायड्रॉलिकवर चालत असल्यामुळे वेग कमी करण्याचा उपाय नव्हता. चाके मात्र पर्यायी पद्धतीने, स्वतःच्या वजनाने खाली आली. 4 वाजता विमान बंद ठेवलेल्या 22 क्रमांकाच्या धावपट्टीवर टेकले, तेव्हा वेग 215 नॉट, म्हणजे ताशी 400 किलोमीटरच्या जवळपास, आणि खाली येण्याचा वेग मिनिटाला 1600 फुटांहून अधिक होता. जमिनीपासून सुमारे 100 फुटांवर असताना उजवा पंख खाली झुकला आणि त्याचे टोक आधी घासले. विमान तुटले, पेटले आणि उलटे होऊन शेजारच्या मक्याच्या शेतात थांबले. 112 माणसे मरण पावली, 184 वाचली. वाचलेल्यांचा हा आकडा शक्य झाला त्यात विमानतळावर त्या दिवशी हजर असलेल्या आयोवा एअर नॅशनल गार्डच्या 285 प्रशिक्षित माणसांचा आणि दोन वर्षांपूर्वी तिथे केलेल्या आपत्ती सरावाचा वाटा होता. नंतर प्रशिक्षित वैमानिकांनी हीच स्थिती सिम्युलेटरमध्ये घालून पाहिली. अशा विमानाला धावपट्टीवर सुखरूप उतरवणे व्यवहारात शक्य नव्हते, असा मंडळाचा निष्कर्ष निघाला.

दुरुस्ती : एक व्हॉल्व्ह

यानंतर डीसी-10 मध्ये जो बदल सक्तीने करायला लावला तो आकाराने लहान आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. चौथी यंत्रणा बसवली गेली नाही. तिसऱ्या यंत्रणेच्या शेपटीकडे जाणाऱ्या नळीत विजेवर बंद होणारा एक व्हॉल्व्ह आणि परतीच्या नळीत तेल एकाच दिशेने जाऊ देणारा एक चेक व्हॉल्व्ह बसवला. टाकीतील तेल ठरावीक पातळीखाली गेले की सेन्सर तो व्हॉल्व्ह बंद करतो आणि वैमानिकासमोर दिवा लागतो. शेपटीकडचा भाग कापला गेला तरी व्हॉल्व्हच्या अलीकडचे तेल अलीकडेच राहते आणि एलेरॉन, पंखांवर हवेचा प्रवाह अडवणारे काही स्पॉयलर आणि आडव्या शेपटीचा कल, तोही निम्म्या वेगाने का होईना, वैमानिकाच्या हाती उरतो. फुटलेला अवयव बाजूला टाकून उरलेले शरीर जगवायचे, एवढाच या बदलाचा अर्थ.

हे शहाणपण चार वर्षे आधीही मिळू शकले असते. 12 ऑगस्ट 1985 रोजी जपान एअरलाइन्सच्या 123 क्रमांकाच्या बोइंग 747 मध्ये मागचा दाबरोधक पडदा फाटला, उभी शेपटी उडाली आणि चारही हायड्रॉलिक यंत्रणांचे तेल त्याच वाटेने वाहून गेले. 520 माणसे गेली, चार वाचली. त्यानंतर 747 मध्ये शेपटीकडे जाणाऱ्या एका यंत्रणेत तेल अति वेगाने वाहू लागताच आपोआप बंद होणारा फ्यूज बसवण्यात आला. म्हणजे एका कंपनीच्या विमानाला औषध मिळाले होते, पण त्याच रोगाची शक्यता असलेल्या दुसऱ्या विमानापर्यंत ते पोहोचले नाही. आपल्या कारखान्यांतही हे रोज घडते; एका शेडमधल्या यंत्राचा दोष कळला की त्याच बनावटीचे शेजारच्या शेडमधले यंत्र तपासायला कोणी जात नाही.

पुढच्या काळात विचार आणखी पुढे गेला. एअरबस ए-380 मध्ये तीन हायड्रॉलिक यंत्रणांऐवजी दोन हायड्रॉलिक आणि दोन विजेच्या यंत्रणा उड्डाणाची पृष्ठे हलवतात, त्यामुळे सगळे तेल गेले तरी विजेवरची बाजू उरते. तीन सारख्या गोष्टींपेक्षा दोन जातींच्या दोन-दोन गोष्टी अधिक भरवशाच्या, कारण एका जातीला लागणारा आजार दुसरीला सहसा लागत नाही. नासाने ऑगस्ट 1995 मध्ये एमडी-11 हे विमान निव्वळ इंजिनांच्या संगणकीय नियंत्रणावर उतरवून दाखवले. ते तंत्र मात्र प्रवासी सेवेत आले नाही. 2003 च्या नोव्हेंबरमध्ये बगदादवरून निघालेल्या डीएचएलच्या ए-300 मालवाहू विमानाच्या पंखाला क्षेपणास्त्र लागले आणि त्याची तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेली, तेव्हा तिघा कर्मचाऱ्यांनी केवळ इंजिनांच्या जोरावर ते उतरवले. तिघेही वाचले.

समुद्रावर हीच गोष्ट

सू सिटीच्या अकरा वर्षे आधी, 16 मार्च 1978 रोजी, फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ अमोको काडिझ या महाकाय तेलवाहू जहाजाचे सुकाणू सकाळी पावणेदहाच्या सुमारास निकामी झाले. जहाजाचे सुकाणूही हायड्रॉलिकवरच फिरते. पंप दोन होते, पण त्यांच्या नळ्या ज्या ठिकाणी एकत्र येत तिथल्या एका फ्लँजचे, म्हणजे नळ्यांच्या जोडावरील कड्याचे, स्टड (बोल्ट) तुटले आणि तेल बाहेर फेकले गेले. सुकाणू लाटांच्या मारात वेडेवाकडे हलू लागले. ओढनौकेचा प्रयत्न फसला आणि त्याच रात्री जहाज पोर्साल जवळच्या खडकांवर चढले. त्यातील सुमारे 2 लाख 20 हजार टन कच्चे तेल समुद्रात गेले.

त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियमांत बदल झाला. 10,000 टनांहून मोठ्या तेलवाहू जहाजांच्या सुकाणू यंत्रणेत कुठेही एक बिघाड झाला, तरी 45 सेकंदांच्या आत सुकाणू पुन्हा हाती आले पाहिजे. त्यासाठी बिघडलेला भाग आपोआप तोडून बाजूला काढण्याची व्यवस्था बंधनकारक झाली. आपल्या कोकणातील आणि मुंबईतील जी मुले व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात जातात, त्यांना बंदर सोडण्याआधी सुकाणूची चाचणी घ्यावी लागते. त्या चाचणीमागे अशा प्रसंगांची आठवण आहे. विमानातला तो व्हॉल्व्ह आणि जहाजावरचे हे 45 सेकंद, दोन्हींच्या मुळाशी एकच कल्पना आहे : पंप किती आहेत हे मोजून भागत नाही, ते सगळे कोणत्या एका फ्लँजपाशी किंवा कोणत्या एका भिंतीआडून एकत्र येतात ते पाहावे लागते.

मोटारीच्या ब्रेकमध्ये हे काम दोन स्वतंत्र कप्प्यांचा टँडम मास्टर सिलिंडर करतो. एका बाजूची नळी फुटली तर दोन चाकांचे ब्रेक राहतात. क्रेन आणि एक्स्कॅव्हेटरच्या बूमवर, म्हणजे लांब हातावर, होज फुटल्यास भार खाली कोसळू नये म्हणून सिलिंडरच्या तोंडावरच भार धरणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची जागा महत्त्वाची आहे. होजच्या पलीकडे, पंपाजवळ बसवला तर त्याचा काहीच उपयोग नाही. 25 मे 1979 च्या शिकागो अपघातात याची दुसरी बाजू दिसली होती. उड्डाणाच्या वेळी डीसी-10 चे डावे इंजिन तुटून पडले, पंखातील हायड्रॉलिक नळ्या फाटल्या, आणि पंखाच्या पुढच्या कडेचे स्लॅट ज्या तेलाच्या आधाराने बाहेर राहिले होते ते तेलच गेल्यामुळे हवेच्या दाबाने ते आत ढकलले गेले. 273 माणसे मेली. दाब गेल्यावर भाग कुठे थांबेल, हा प्रश्न बूमला विचारला जातो, तसा तेव्हा स्लॅटला विचारला गेला नव्हता. साखर कारखान्याच्या गाळप रोलरवर मात्र गरजच वेगळी : तिथे उसाची मोळी जाड आली की रोलर थोडा वर उठला पाहिजे, म्हणून नायट्रोजन भरलेला अ‍ॅक्युम्युलेटर तेलाला स्प्रिंगसारखी लवचीकता देतो. आणि जिथे तापलेल्या धातूवर तेल उडण्याचा धोका असतो, जसे डाय कास्टिंगमध्ये, तिथे खनिज तेलाऐवजी पाणी आणि ग्लायकोलचे, सहज न पेटणारे द्रव वापरतात.

आमच्या शेडमधला क्लॅम्प

हे सगळे वाचल्यानंतर मी पुण्याजवळच्या भोसरीतील एका कारखान्यातल्या उभ्या प्रेसचा पुन्हा एकदा बारकाईने फेरफटका मारला. त्या प्रेसचा रॅम, म्हणजे वरखाली होणारा जड भाग, वर धरून ठेवायला दोन सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह आणि दोन वेगळ्या लाईन आहेत. ड्रॉइंगमध्ये त्या वेगवेगळ्या रंगांनी दाखवल्या आहेत. प्रत्यक्षात दोन्ही होज डायच्या, म्हणजे साच्याच्या, शेजारून एकाच क्लॅम्पमध्ये, एकमेकांना चिकटून खाली आलेले होते. क्लॅम्प सोडला तेव्हा दोन्ही होजच्या बाहेरच्या रबरावर एकाच उंचीला सारखाच घासलेला पट्टा निघाला, आणि त्यातल्या एकाच्या आतली तारेची जाळी उघडी पडून चमकत होती. बसवणाऱ्याचा दोष मी काढणार नाही; त्याला जागा कमी होती आणि नीटनेटकेपणा हवा होता, म्हणून त्याने दोन्ही एकत्र बांधले.

पुढच्या वेळी देखभालीसाठी यंत्र बंद ठेवले तेव्हा दोन्ही होज बदलले. दुसरा होज फ्रेमच्या मागच्या बाजूने, स्वतंत्र क्लॅम्पवर, स्क्रॅप पडते त्या बाजूपासून दूर नेला. त्यासाठी जवळपास तीन मीटर जास्त होज आणि दोन कोपर, म्हणजे वळणाचे जोड, लागले. भार धरणारे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या तोंडावर आणून बसवले, आणि देखभालीच्या यादीत प्रत्येक यंत्रासमोर एक नवा रकाना वाढवला : ‘दोन्ही लाईन कुठे एकत्र येतात?’ पहिल्या पंधरवड्यात बावीस यंत्रांपैकी सात यंत्रांसमोर त्या रकान्यात काहीतरी लिहावे लागले.